अडलेले किण्वन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

किण्वन ही क्रिया नगर जिल्ह्याला परकी नाही. 1950 सालच्या अखेरीस प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने ऊस गाळण्यास आरंभ केला, आणि त्याच्याही पूर्वी, 1933 साली, आजच्या श्रीरामपूर तालुक्यातील टिळकनगरच्या उद्योगाची स्थापना झाली होती. तेव्हापासून ऊस, साखर, मळी आणि मळीपासून निघणारा मद्यार्क ही परंपरा या मुलखाच्या अर्थकारणात मुरलेली आहे. त्यामुळे मनमाड रस्त्यावरच्या नागापूरसारख्या ठिकाणी, जिथे औद्योगिक वसाहतीच्या यंत्रशाळांत एका पिढीची उमेद खर्ची पडली, तिथे परदेशी स्थायिक झालेल्या एखाद्या मुलाचा वा पुतण्याचा दूरध्वनी यावा आणि त्याने हवापाण्याची चौकशी आटोपून, घरी हौसेने केलेली बीअर पाचव्या दिवशीच थंडावली आहे, आता काय करावे, असे विचारावे, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. नवल वाटते ते या प्रश्नावर चहूबाजूंनी मिळणाऱ्या सल्ल्यांचे: कोणी साखर घालावयास सांगतो, कोणी पावाचे यीस्ट, कोणी पिंप गदगदा हलवून काढण्यास फर्मावतो, किण्वन खरोखरच अडले आहे काय, याची तहकीकात मात्र कोणीच करीत नाही.

प्रथम कायद्याविषयीचा गैरसमज दूर केलेला बरा. घरापुरती, विक्रीसाठी नव्हे, अशी बीअर करण्यास आपल्याकडे मुभा आहे अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते, परंतु ती खरी नाही. इंग्रजी अंमलातील 1878च्या मुंबई अबकारी कायद्यापासून मद्यनिर्मिती ही परवान्याची बाब राहिली, आणि आज लागू असलेल्या 1949च्या दारूबंदी अधिनियमानेही परवान्यावाचून कोणतेही मद्य तयार करणे हा अपराध ठरविला आहे. भांडे स्वयंपाकघरातले असले आणि प्रमाण दहा लिटरांचे असले, तरी या तरतुदीतून सुटका नाही. इंग्लंडात घरगुती निर्मितीवरील परवान्याचे बंधन 1963 साली उठले. अमेरिकेत संघराज्याचा कायदा 1978 साली सैल झाला, तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी 2013 पर्यंत आपली दारे बंद ठेविली होती. तेव्हा पुढचे विवेचन जिथे कायद्याची आडकाठी नाही तिथल्या हौशी लोकांसाठी, आणि इथल्या परवानाधारकांच्या व जिज्ञासूंच्या माहितीसाठी आहे, हे आरंभीच नमूद करून ठेवतो.

सर्वांत रुजलेला गैरसमज बुडबुड्यांचा आहे. पिंपाच्या झाकणावर बसविलेल्या एअरलॉकमधून वायूचे बुडबुडे येईनासे झाले की किण्वन थांबले, आणि येऊ लागले की ते चालू झाले, असे समीकरण मांडले जाते. वस्तुतः झाकणाच्या कडेला केसाएवढी फट असली, तरी वायू पाण्यातून वर येण्याचे कष्ट न घेता त्या फटीतून निघून जातो आणि आतले किण्वन जोमात असताना एअरलॉक निपचित पडलेला दिसतो. याच्या उलट, किण्वन केव्हाच संपलेले असले आणि दुपारी खोली तापली, तर द्रवात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून बुडबुडे पुन्हा दिसू लागतात, आणि मालकाला वाटते की आपले यीस्ट जागे झाले. थोडक्यात, बुडबुडे ही ऐकीव साक्ष आहे आणि तिच्या आधारावर निवाडा देता येत नाही.

साक्ष घ्यावयाची ती हायड्रोमीटरची, आणि तीही उलटतपासणी करून. नमुना काढल्यावर तो एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाच-सहा वेळा ओतून त्यातला वायू घालवावा. कारण काचेच्या नळीला चिकटलेले सूक्ष्म बुडबुडे तिला वर उचलून धरतात आणि विशिष्ट गुरुत्व आहे त्याहून अधिक दिसते, म्हणजे न अडलेली बीअर अडल्यासारखी भासते. नळी पात्रात सोडून बोटाने हलकेच फिरवावी, ती स्थिर झाली की डोळा द्रवाच्या पातळीला आणून, काचेला चढलेली कड सोडून, सपाट पृष्ठभागाशी जुळणारी रेघ वाचावी. नमुन्याचे तापमानही टिपून ठेवावे. बहुतेक उपकरणे 20 अंश सेल्सिअसला बेतलेली असतात. नागापूरच्या उन्हाळ्यात 35 अंशांवर पोहोचलेला कोणताही द्रव त्याच उपकरणाने मोजला, तर आकडा सुमारे 0.004 ने कमी येतो, आणि एवढ्या फरकाने पुऱ्या झालेल्या व न झालेल्या किण्वनाचा निकाल उलटू शकतो. ज्यांच्यापाशी दोन थेंबांत काम भागविणारा रिफ्रॅक्टोमीटर आहे त्यांची फसगत तर अधिकच होते, कारण मद्यार्काच्या सान्निध्यात ते उपकरण साखर आहे त्याहून जास्त दाखविते. योग्य गणिती दुरुस्ती केल्याखेरीज त्याच्या आकड्यावर विसंबू नये. असा शहानिशा केलेला आकडा सलग तीन दिवस तसूभरही हलला नाही, तर किण्वन थांबले आहे एवढेच सिद्ध होते. ते अडले आहे की संपले आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

आणि इथेच सर्वांत सूक्ष्म गैरसमज उभा राहतो. साखर आहे तेवढी सारी यीस्टने खाल्लीच पाहिजे, गुरुत्व पाण्याच्या पातळीस, म्हणजे 1.000 वर, उतरलेच पाहिजे, अशी अपेक्षा धरणारा मनुष्य 1.014 पाहून हवालदिल होतो. आपल्या जिल्ह्यातील आसवन्यांत काम केलेल्या कोणालाही ही अपेक्षा विचित्र वाटेल. मळीच्या वॉशमध्ये, म्हणजे किण्वनासाठी पातळ केलेल्या मळीत, क्षार आणि यीस्टला न पचणारे पदार्थ इतके असतात की किण्वन पूर्णत्वास गेल्यावरही तो पाण्याहून बराच जड राहतो, आणि त्याबद्दल कोणी पंचनामा करीत नाही. बीअरचेही तसेच आहे. सातूच्या माल्टचा काढा करताना त्यातील स्टार्चचे विघटन दोन विकरे मुख्यत्वे करतात: 62 ते 65 अंशांच्या दरम्यान ज्याचा अंमल चालतो ते विकर माल्टोज ही पचनी पडणारी साखर भरपूर देते, तापमान 68 ते 72 अंशांत गेले की ते लवकर निकामी होते, दुसऱ्याचे वर्चस्व वाढते आणि डेक्स्ट्रिन नावाच्या लांब साखळ्या शिल्लक राहतात, ज्यांना सामान्य यीस्ट तोंड लावीत नाही. 1.050 पासून निघून 1.012 वर थांबलेल्या बीअरने वरकरणी 76 टक्के मजल मारली, ती यथास्थित आहे, 1.020 वर थांबलेलीने 60 टक्के मारली, तिची चौकशी व्हावयास हवी; परंतु तिचा काढा 71 अंशांवर झाला होता असे निष्पन्न झाले, तर दोष यीस्टकडे नाही आणि कितीही नवे यीस्ट घातले तरी तो आकडा हलणार नाही.

हा संशय फेडण्याचा एक साधा आणि निर्णायक उपाय आहे, आणि हौशी मंडळी त्याकडे इतके दुर्लक्ष का करतात हे मला कोडेच वाटते. आरंभीच, मुख्य पिंपात यीस्ट घालावयाच्या वेळी, त्याच काढ्यातला पाव लिटर एका स्वच्छ बाटलीत वेगळा काढावा, त्यात प्रमाणाबाहेर यीस्ट घालावे, तो 25 अंशांच्या आसपास उबदार जागी ठेवावा आणि येता-जाता हलवीत राहावे. दोन-तीन दिवसांत तो नमुना ज्या गुरुत्वावर थांबेल, ती त्या काढ्याची शेवटची मर्यादा. मुख्य पिंप त्याच आकड्याशी थांबले, तर किण्वन अडलेले नसून संपलेले आहे. ते चार-सहा अंकांनी वरच राहिले, तरच औषधोपचाराचा विचार करावा.

आता तापमानाचा प्रश्न. थंडीत विरजण लागले नाही की आपल्या घरांतून भांडे चुलीशेजारी सरकविले जाते, आणि त्याच न्यायाने पिंप उन्हात ठेवले म्हणजे अडलेली बीअर मार्गी लागेल असा तर्क केला जातो. तर्काचा अर्धा भाग बरोबर आहे. एल जातीची यीस्टे 18 ते 22 अंशांत समाधानाने काम करतात. रात्री खोलीचे तापमान 12 अंशांवर घसरले की ती एकमेकांना चिकटून तळाशी साका धरून बसतात, आणि पिंप सावकाश 20-22 अंशांवर आणून, झाकण न उघडता, हलकेच गोलाकार फिरवून तो साका पुन्हा द्रवात मिसळविला की पुष्कळदा दोन दिवसांत गुरुत्व उतरू लागते. परंतु उष्णता वाढवीत नेली की काम वाढत जाते, हे खरे नाही. किण्वन स्वतःच उष्णता निर्माण करते. मळीच्या आसवन्यांत, जिथे यीस्ट बरेच सोशिक असते, तिथेसुद्धा टाक्या 30 ते 33 अंशांच्या आसपास राखण्यासाठी शीतकयंत्रे चालवावी लागतात, कारण त्याहून फार वर गेले तर मद्यार्काच्या जोडीने उष्णतेचा मारा सोसून यीस्ट मधेच गारद होते. नॉर्वेच्या खेड्यांतून आलेली क्वेइक जातीची यीस्टे 35 अंशांच्या पुढेही सुखाने नांदतात हे खरे, पण तो अपवाद आहे. इतर यीस्टांना तितकी ऊब दिली तर बीअरला जड मद्यार्कांचा उग्र दर्प येतो, आणि तो पुढे कशानेही जात नाही.

साखर घालण्याच्या सल्ल्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. यीस्ट ती साखर खाते, बुडबुडे येतात, आणि मूळची शिल्लक होती तिथेच राहते. उलट मद्यार्क वाढल्याने दमलेल्या यीस्टवर आणखी ओझे पडते. पावाचे कोरडे यीस्ट वरून भुरभुरण्याची तीच गत. जात पाहू गेले तर ते एलच्या यीस्टचेच सगोत्र आहे, परंतु पोषणद्रव्ये सरलेल्या, मद्यार्कयुक्त, आम्ल द्रवात झोपेतून उठून एकाएकी कामाला लागणे कोणत्याही कोरड्या यीस्टला जमत नाही. नवे यीस्ट द्यावयाचेच असेल, तर वेगळ्या पात्रात ताज्या काढ्यावर जागवून, फेस भरात आलेला असताना द्यावे. पिंप खळबळवून हवा मिसळण्याचा सल्ला तर सर्वस्वी अकाली आहे: प्राणवायू यीस्टला हवा असतो तो अगदी आरंभी, पेशी वाढत असताना, नंतर मिसळलेल्या हवेने बीअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी शिळी चव येते. आणि बीअर दुसऱ्या पिंपात ओतून घेतल्याने ती पुढे सरकते, ही समजूत तर काम करणारे यीस्टच मागे साक्यात टाकून येण्याचा प्रकार आहे. लुई पाश्चरने 1876 साली बीअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने 1883 साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखविले. तेव्हापासून किण्वन हे जिवंत पेशींचे काम आहे याविषयी विवाद उरलेला नसताना, आपण त्या पेशींना वगळून उपाय शोधावा हे विलक्षण आहे.

अडलेली बीअर विषारी होते, असे एक भय आपल्याकडे विशेष आढळते, आणि त्याचे मूळ समजण्यासारखे आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये नगर तालुक्यातील पांगरमल येथे विषारी दारूने घेतलेले बळी, किंवा जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली ती घटना, या भागातला माणूस विसरणे शक्य नाही. पण मालवणीत मृत्यू आला तो मिथेनॉलमुळे, आणि तसे मिथेनॉल औद्योगिक वापरातून चोरून दारूत मिसळले जाते. सातूच्या काढ्यात मिथेनॉल निर्माण करणारे पेक्टिन नगण्य असते, आणि किण्वन मधेच थांबल्याने ते कोठून तरी उपजत नाही. अडलेली बीअर गोड लागेल, बेचव लागेल, जंतुसंसर्ग झाला तर आंबटही होईल. पण तिला त्या पंक्तीत बसविता येणार नाही.

खरा धोका वेगळाच आहे, आणि त्याविषयी मात्र लोक निर्धास्त असतात. बाटलीत फेस यावा म्हणून लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घालण्याची रीत आहे. आता 1.020 वर अडलेली बीअर संपली असे समजून कोणी बाटल्यांत भरली, आणि पुढे उन्हाळ्यात ती आपली राहिलेली मजल गाठून 1.012 वर उतरली, तर या आठ अंकांपोटी प्रत्येक लिटरमागे सुमारे सोळा-सतरा ग्रॅम साखरेचा वायू बंद काचेत कोंडला जातो. वरून घातलेल्या साखरेचा निराळा. अशा बाटल्या फुटतात, आणि काचेचे तुकडे गोळ्यांसारखे उडतात. म्हणून परदेशातल्या त्या मुलाला सांगावयाचे ते इतकेच की, वेगळ्या ठेवलेल्या नमुन्याचा आकडा आणि पिंपाचा आकडा जुळेपर्यंत, व तो सलग तीन दिवस तोच येईपर्यंत, एकाही बाटलीला बूच लावू नकोस.