जुनी स्कूलबस घेताना

भरीत अन् कळण्याची भाकरी विकायला गटाला फिरती गाडी हवी होती. म्हणून आम्ही धुळ्यात एक जुनी स्कूलबस पाहिली. मीटरवर किलोमीटर कमी, आम्ही भुललोच! पण स्कूलबस घरोघरी थांबते, उभ्या गाडीचंही इंजिन चालू असतं. ती झीज मीटरवर दिसत नाही.

बोनेटला हात लावला, तर गरम. मालकाने गाडी आधीच सुरू करून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिन सुरू करायला लावलं. निळसर धूर निघतच राहिला, म्हणजे ऑइल जळतंय. (ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा चिकटा असेल, तर ऑइलमध्ये पाणी गेलं असण्याची शंका घ्या.) मग लळिंगच्या घाटात नेली. चढावर इंजिन नुसतं ओरडे, गाडी पळेना: क्लच संपलेला. उतारावर ॲक्सिलरेटर सोडताच दुसरा गिअर निसटला. जिवाशीच खेळ! गटाची बचत तशीच घेऊन परतलो.

साध्या डिझेलपंपाचं इंजिन गावचा फिटरही उघडतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीचा बिघाड शोधायला मात्र स्कॅनर लागतो. आठ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग दरवर्षी असतं, तो खर्चही धरा. अन् आत ओटा-शेगडी बसवण्याआधी आरटीओची परवानगी घ्या.