बगलेचा खेळाडू

फूटबॉलचे मैदान केवढे असते हे आपल्या शेतकरी भाषेत सांगायचे तर पावणेदोन एकर. 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असा तुकडा धरा, म्हणजे हिशेब जुळतो. या तुकड्यात बावीस जण पळतात. बहुतेकांची धाव मधल्या भागात असते. पण प्रत्येक संघात एक-दोन गडी असे असतात की ते बांधाला धरून चालणाऱ्या माणसासारखे कडेच्या रेषेलगत राहतात. जुने लोक त्यांना राइट आउट आणि लेफ्ट आउट म्हणत. आता विंगर म्हणतात. आपण बगलेचा खेळाडू म्हणू.

हा गडी कडेला का उभा राहतो? आळशी म्हणून नव्हे. मधे गर्दी असते, समोरचे बचाव करणारे गोलासमोर भिंत घालून उभे असतात. बगलेचा खेळाडू कडेला थांबला की त्याच्यावर नजर ठेवायला भिंतीतला एक माणूस बाहेर यावाच लागतो. तो आला की भिंतीत फट पडते. तो नाही आला तर आमचा गडी चेंडू घेऊन मोकळ्या रानातून थेट कोपऱ्यापर्यंत जातो आणि तिथून चेंडू गोलासमोर उचलून देतो. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत समोरच्याची. शाळेतल्या मुलांना खेळ शिकवताना गुरुजींनी एवढी एक गोष्ट जरी पटवली, तरी सगळी पोरे चेंडूमागे माशांसारखी घोंघावत फिरतात ते थांबेल.

पायाचेही एक गमतीचे आहे. उजव्या पायाचा खेळाडू उजव्या बगलेला, हा साधा नियम. पण इटलीचा ब्रुनो काँटी हा डावखुऱ्या पायाचा, आणि खेळायचा पुष्कळदा उजव्या बगलेला. त्यामुळे कडेवरून आत वळला की चेंडू आपोआप त्याच्या चांगल्या पायावर यायचा आणि समोरचा गडी फसायचा. काँटी 1955 साली नेत्तुनो या समुद्रकाठच्या गावी जन्मला. त्या गावात बेसबॉलचे वेड, आणि हा मुलगा त्या खेळातही तरबेज. अंगाने लहानखुरा. तरी रोमा क्लबसाठी त्याने जवळजवळ सारी कारकीर्द घालवली आणि 1982 साली इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघात त्याचे नाव पहिल्या काही नावांत घेतले गेले. उंची कमी म्हणून पोराला बाजूला बसवणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा.

पण इटली आपल्याला लांब. जवळचे उदाहरण कोल्हापूरचे आहे.

कोल्हापुरात फूटबॉल हा शाळेचा खेळ नाही, पेठेचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही तिथल्या संघांची नावे. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा. तिथल्याच मंडळांनी चेंडू हाती घेतला, म्हणजे पायी घेतला. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ तिथे लोटते. अशा गावात 13 जुलै 2000 रोजी अनिकेत जाधव जन्मला. पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याचे शिक्षण आणि सराव झाला. प्रबोधिनी ही राज्य सरकारची योजना. निवडलेल्या मुलांना तिथे राहायला, जेवायला, शिकायला आणि खेळायला मिळते.

2017 च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात भारत उतरण्याची ती पहिली वेळ. दिल्लीच्या मैदानावर आपली मुले अमेरिकेकडून 3-0, कोलंबियाकडून 2-1 आणि घानाकडून 4-0 अशी हरली. तीन सामने, तीन पराभव. पण त्याच मुलांचा ‘इंडियन अ‍ॅरोज’ नावाचा संघ करून त्यांना मोठ्या माणसांच्या आय-लीगमध्ये खेळवले, तेव्हा नोव्हेंबर 2017 मधल्या पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला 3-0 हरवले. त्यातले दोन गोल अनिकेतचे होते.

पुढच्या वर्षीची गोष्ट जरा वेगळी. ऑगस्ट 2018 मध्ये स्पेनमधल्या एका स्पर्धेत वीस वर्षांखालील भारतीय संघाने अर्जेंटिनाच्या त्याच वयाच्या संघाला 2-1 असे हरवले. समोरच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून लिओनेल स्कालोनी बसले होते, ज्यांनी पुढे 2022 साली अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून दिला. या सामन्यात 54 व्या मिनिटाला अनिकेतला लाल कार्ड मिळाले आणि तो बाहेर गेला. उरलेला वेळ दहाच जण खेळले, आणि दुसरा गोल त्यानंतरच झाला. अठरा वर्षांच्या मुलाने तो अर्धा तास बाहेरून पाहणे कसे असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

नंतर काही महिने इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबात सराव, मग जमशेदपूर, मग 2021 साली हैदराबाद. 20 मार्च 2022 रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबादने केरळच्या संघाला पेनल्टींवर हरवून इंडियन सुपर लीग जिंकली. त्या विजेत्या संघात अनिकेत होता. त्याच महिन्यात त्याला भारताच्या मोठ्या संघाचे बोलावणे आले.

इथवर ऐकले की कोणत्याही बापाला वाटेल, आपलेही पोट्टे असेच पळते, पाठवून द्यावे. जरा थांबा. हैदराबादच्या त्या क्लबाचेच पुढे काय झाले ते पाहा. हा संघ मुळात पुण्याचा. एफसी पुणे सिटी 2019 साली बंद पडला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. 2022 ला अजिंक्यपद मिळाले. त्यानंतर पैशाची चणचण, खेळाडूंचे पगार थकले, नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली. 2025 साली तो संघ दिल्लीला गेला आणि त्याचे नावही बदलले. ‘इंडियन अ‍ॅरोज’ हा संघ तर 2022 सालीच बंद झाला. 2025 मध्ये लीग चालवण्याच्या कराराचा घोळ होऊन हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही, आणि काही क्लबांनी पगार थांबवले. नोकरी म्हणावी तर अशी, की कापसाच्या भावापेक्षा तिचा भरवसा कमी.

शिवाय बगलेच्या खेळाडूचे सारे भांडवल म्हणजे वेग. सामन्यात त्याची धाव दहा किलोमीटरच्या आसपास भरते, आणि त्यातली बरीचशी धाप लागेस्तोवर मारलेली असते. मांडीचा स्नायू एकदा फाटला की हंगाम जातो. वय वाढले की पाय जड होतात. गोव्याच्या म्हापशाचा मंदार राव देसाई डाव्या बगलेचा खेळाडू होता. एफसी गोवामध्ये प्रशिक्षकांनी त्याला मागे, बचावाच्या फळीत आणले. तो तिथे रुजला आणि पुढे मुंबई सिटीकडूनही काही वर्षे खेळला. माझ्या मते ही त्याची हुशारी त्याच्या वेगापेक्षा मोठी. ज्याला एकच जागा येते त्याची कारकीर्द लवकर आटोपते.

आता आर्वी भागातल्या शिक्षकांसाठी दोन कामाच्या गोष्टी. पहिली जन्मतारखेची. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही तारीख किती जणांची आहे, ते हजेरीपट काढून एकदा मोजा! गुरुजींनी सोयीसाठी लावलेली ती तारीख पुढे मुलाच्या मुळावर येते. 2009 पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळाडूंच्या मनगटाचे एमआरआय चित्र काढतात; हाडाची वाढ पूर्ण झालेली दिसली की मुलगा वयात बसत नाही, कागद काहीही म्हणो. म्हणून जन्माचा खरा दाखला पहिलीतच मागावा.

दुसरी गोष्ट नोंदणीची. गावातल्या मंडळाने मुलाला खेळवायचे तर आधी संघटनेकडे मंडळाची आणि मुलाची रीतसर नोंद करावी. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे पैसे मोजून जातो, तेव्हा त्या रकमेतले पाच टक्के त्याला 12 ते 23 वर्षांच्या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात, असा फिफाचा नियम आहे. नोंद नसेल तर वाटणीत तुमचे नाव नाही. असे पैसे आर्वीला उद्याच येतील असे मी म्हणत नाही, पण त्याच कागदांवर मुलाची पुढची निवडही अवलंबून असते.

आणि दहावीची परीक्षा सोडवून मुलाला कोणत्याही अकादमीत घालू नका. चांगली अकादमी शाळेची सोय स्वतःच करते. जी करत नाही तिच्याविषयी चौकशी करावी.

राहता राहिले मैदान. पऱ्हाट्या उपटल्यावर रिकामे झालेले शेत पोरांना मोहात पाडते, पण काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्यात पाऊल अडकले की घोटा गेलाच. त्यापेक्षा शाळेमागची मुरमाड जागा बरी. लहान मुलांना पावणेदोन एकर लागतही नाही. पाच-पाच जणांचे दोन संघ करा, दोन्ही कडांना रेषा मारा आणि प्रत्येक संघातल्या एकाला सांगा की रेषेपासून चार पावलांवर राहायचे. दर आठवड्याला तो मुलगा बदला, आणि बाजूही बदला. रेषेला चुना नसेल तर चुलीतली राख चालते.