उचल घेतलेला मजूर मोकळा असतो का?

करार आणि स्वातंत्र्य यांचं नातं आपण तत्त्वज्ञांच्या तोंडून नेहमी ऐकतो. आज तो प्रश्न उसाच्या फडात नेऊ. वाटाडे आहेत यान ब्रेमन, १९३६ साली जन्मलेले, अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ.

ब्रेमन १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण गुजरातच्या खेड्यांत आले आणि पुढे अनेक दशकं तिथे परत परत येत राहिले. आधी त्यांनी अभ्यासली हाली पद्धत. अनाविल ब्राह्मण जमीनदाराकडून लग्नासाठी कर्ज घ्यायचं आणि दुबळा, म्हणजे आजच्या हळपती, मजुरानं त्याच्याकडे वर्षानुवर्षं राबायचं. यात पिळवणूक होतीच. पण अडीअडचणीला मालक धान्य द्यायचा, म्हणजे थोडा आधारही होता. १९७४च्या पुस्तकात त्यांनी ही दोन्ही अंगं दाखवली.

पुढे ही पद्धत मोडली. मग मजूर मोकळा झाला का? इथे ब्रेमन बारडोलीकडे बोट दाखवतात. तिथल्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला माणसं येतात आपल्या खानदेशातून. गंमत बघा, गावातले हळपती कामाच्या शोधात, आणि तोडीला बाहेरचे! कारण सरळ आहे. परका मजूर रात्री-अपरात्री हाकेला येतो, तक्रार करायला त्याचं तिथे कुणी नसतं, आणि हंगाम संपला की तो निघून जातो.

त्याला बांधून ठेवते ती मुकादमाची उचल. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा ती घेतली जाते. मग ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. ब्रेमन याला नवी वेठ म्हणतात. जुनी वेठ वर्षानुवर्षांची होती, ही हंगामापुरती. बंधन उरलं, मालकाची जबाबदारी तेवढी गेली.

आता तुम्ही म्हणाल, उचल त्यानं स्वतःच्या मर्जीनं घेतली ना? अंगठा त्याचाच आहे, खरंय. पण ‘नाही’ म्हटलं तर चूल पेटत नसेल, तर त्या ‘हो’ला संमती म्हणायचं का? मला वाटतं, नाही. स्वातंत्र्य मोजायचं ते नकार देण्याच्या ताकदीवरून, अंगठ्यावरून नव्हे. आणि ही गोष्ट मला ग्रंथांपेक्षा ब्रेमन यांच्या फडातल्या नोंदींनी जास्त स्पष्ट शिकवली.