'हेल्थ ड्रिंक' हा शब्द डब्यावरून कुणी पुसला?

आजच्या भागात एका डब्याबद्दल बोलतोय. तुमच्या-माझ्या घरात, स्वयंपाकघराच्या फळीवर, चहा-साखरेच्या शेजारी असतो ना, तो दुधात घालायच्या पावडरीचा डबा. लहानपणी "हे घाल, ताकद येईल" असं सांगूनच तो आपल्याला पाजला गेला. हे आईला कुणी सांगितलं? टीव्हीवरच्या जाहिरातीने. आणि जाहिरातीला उलट उत्तर द्यायची सोय तेव्हा कुणालाच नव्हती. कंपनी बोलायची, आपण ऐकायचो.

आता २०२३ चा एप्रिल महिना आठवा. रेवंत हिमतसिंगका, म्हणजे सोशल मीडियावरचा 'फूड फार्मर', याने बोर्नव्हिटावर एक छोटासा व्हिडिओ टाकला. त्यात त्याने काय केलं? डबा फिरवला आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली. यात साखर किती आहे बघा, म्हणाला. व्हिडिओ तुफान पसरला. कंपनीने कायदेशीर नोटीस पाठवली. त्याने माफी मागून व्हिडिओ काढून टाकला.

जुन्या काळात विषय इथेच संपला असता. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही! तोवर व्हिडिओ लोकांनी डाउनलोड केला होता, फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड केला होता. 'व्हिडिओ काढायला लावला' हीच नवी बातमी झाली. त्याच महिन्यात राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे खुलासा मागितला. वर्षअखेरीस बोर्नव्हिटातली अतिरिक्त साखर सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाल्याच्या बातम्या आल्या. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं, की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढा. कारण अन्न सुरक्षा कायदा, २००६ मध्ये 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही! त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या कंपनीनेही आपल्या गटाचं नाव बदलून 'फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक' केलं.

हे सगळं एका व्हिडिओमुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. नियम आयोगाने आणि सरकारने पुढे रेटले. पण जो शब्द इतकी वर्षं कुणाला खटकला नव्हता, तो घरोघरी चर्चेला आणला त्या व्हिडिओने.

आता जरा थांबूया. कारण या गोष्टीत 'शूर तरुण विरुद्ध दुष्ट कंपनी' एवढंच दिसलं, तर आपण पुन्हा फसू.

कंपनीचं म्हणणं होतं, की २० ग्रॅमच्या एका सर्व्हिंगमध्ये अतिरिक्त साखर ७.५ ग्रॅम आहे, म्हणजे साधारण दीड चमचा. हे खोटं नव्हतं. पण तोच आकडा १०० ग्रॅमला लावा. साडेसदतीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे डब्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग अतिरिक्त साखरच! हेही खोटं नाही. आकडा एकच, फक्त मोजायचं माप वेगळं. कंपनी कपाचं माप सांगते, टीका करणारा डब्याचं. आणि आपल्या घरात काय होतं? २० ग्रॅम मोजून कोण टाकतं? दोन चमचे भरून पावडर, "गोड लागत नाही" म्हणून वर आणखी साखर.

दुसरी बाजूही बघा. रील एका मिनिटात संपायला हवी, बोट थांबायला हवं, म्हणून सांगणारा आवाज चढवतो. त्या व्हिडिओत कॅन्सरचाही उल्लेख होता, आणि कंपनीने व्हिडिओ अशास्त्रीय असल्याचा आक्षेप घेतला होता. साखरेचा आकडा आपण स्वतः डब्यावर तपासू शकतो. कॅन्सरचा दावा तसा तपासता येत नाही. हा फरक लक्षात ठेवा. अल्गोरिदमला तो कळत नाही, त्याला फक्त तुम्ही किती वेळ थांबलात ते कळतं.

आणि विसरू नका, मोबाइलवर डबा उघडा पाडणारे आहेत तसे डबा विकणारेही आहेत. "मी रोज हेच घेते" म्हणणारी आवडती ताई पैसे घेऊन बोलत असेल, तर तिने ते स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: 'जाहिरात', 'स्पॉन्सर्ड' असे सोपे शब्द हवेत, हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेले नकोत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग आपण काय करायचं? तीन गोष्टी सांगतो, दुकानात उभ्या उभ्या होतील.

एक, घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल, तर ओळखून घ्या. लिक्विड ग्लुकोज हीसुद्धा साखरच.

दोन, दोन पाकिटांची तुलना १०० ग्रॅमच्या रकान्यावरून करा. सर्व्हिंग प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

तीन, पुढच्या बाजूचे मोठे शब्द वाचून झाले, की पाकीट मागे फिरवा. 'हेल्दी', 'नॅचरल' हे पुढे असतं. मोजता येणारं सगळं मागे असतं.

ब्रँडची झाकली मूठ इतकी वर्षं सव्वा लाखाची होती. आता ती उघडायची सोय प्रत्येकाच्या खिशात आहे. पण फॉरवर्ड करणं आणि वाचणं, ही दोन वेगळी कामं आहेत. या आठवड्यात घरातला एक तरी डबा फिरवून बघा, आणि मागे काय सापडलं ते मला व्हॉइस नोटवर सांगा. भेटू पुढच्या भागात!