विश्लेषण : जपानी शब्द फ्लॅशकार्डवर पाठ, तरी ऐनवेळी का आठवत नाहीत?

जपानी शिकणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये फ्लॅशकार्डचे ॲप हमखास सापडते. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. बस येईपर्यंत दहा कार्डे सहज होतात. तरीही ‘शब्द ओळखता येतो, पण बोलताना आठवत नाही’ ही तक्रार कायम असते. चूक पद्धतीत आहे की वापरात?

शब्दसंग्रहाला एवढे महत्त्व का?

जपानी भाषेची ‘जेएलपीटी’ परीक्षा एन५ (सर्वात सोपी) ते एन१ अशा पाच पातळ्यांवर होते. भारतात ती जुलै आणि डिसेंबरमध्ये घेतली जाते. पुणे आणि मुंबईतही केंद्र आहे. कुशल कामगारांना जपानमध्ये काम मिळावे यासाठी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात सहकार्य करार झाला. या व्हिसासाठी कौशल्य चाचणीबरोबरच सर्वसाधारणपणे एन४ किंवा ‘जेएफटी-बेसिक’ उत्तीर्ण व्हावे लागते. म्हणजे अनेकांसाठी हा नोकरीचा प्रश्न आहे.

फ्लॅशकार्डमागील तत्त्व काय?

पाठ केलेले किती वेगाने विसरते, याचे प्रयोग जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर करून १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विसरण्याच्या बेतात असताना उजळणी झाली, तर आठवण जास्त टिकते. ‘अँकी’सारखी ॲप हेच करतात. बरोबर आलेले कार्ड दिवसेंदिवस उशिरा येते, चुकलेले लवकर परतते. ‘अँकी’ या जपानी शब्दाचा अर्थच पाठांतर.

मग हिशेब कुठे चुकतो?

समजा, प्रत्येक कार्ड शिकल्यानंतर १, ३, ७, १५ आणि ३० दिवसांनी परत येते. रोज २० नवे शब्द घेतले, तर महिनाभरानंतर रोज १०० जुनी आणि २० नवी, अशी १२० कार्डे होतात. चुकलेली वेगळीच. तीन दिवस खंड पडला, की चौथ्या दिवशी तीनशेहून अधिक जुनी कार्डे साचतात. बहुतेकांचे ॲप इथेच बंद पडते. रोज १० शब्द घेतले, तर हाच आकडा ६० राहतो. सुट्टी पडलीच, तर आधी साचलेले संपवावे. तोवर नवे शब्द थांबवावेत.

एका शब्दाला एक अर्थ का पुरत नाही?

मराठीत आपण शर्ट घालतो, बूट घालतो, टोपीही घालतो. जपानीत शर्टासाठी ‘किरु’, बुटासाठी ‘हाकु’ आणि टोपीसाठी ‘काबुरु’. ‘किरु = घालणे’ एवढेच पाठ करणारा बुटापाशी चुकतो. शिवाय ‘कापणे’ यासाठीही ‘किरु’च; लिहिताना कांजी वेगळी आणि उच्चारातील चढउतारही वेगळा. म्हणून कार्डावर सुटा शब्द नको, ‘कुत्सु ओ हाकु’ (बूट घालणे) असा छोटा प्रयोग हवा. शक्य असेल तिथे आवाजही जोडावा. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या, तर ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. स्वर लांबला की नातेच बदलते.

तयार संच घ्यावा का?

सुरुवातीला हरकत नाही. मात्र ‘एन४चे सर्व शब्द’ या दाव्यावर विसंबू नये. २०१० मध्ये परीक्षेचे स्वरूप बदलल्यापासून आयोजक शब्दांची अधिकृत यादी प्रसिद्ध करत नाहीत. पाठ्यपुस्तकात भेटलेल्या वाक्यातून स्वतः केलेले कार्ड अधिक लक्षात राहते.

वापरता येण्यासाठी काय करावे?

जेएलपीटी बहुपर्यायी असते, तिच्यात बोलण्याची चाचणी नाही. त्यामुळे केवळ शब्द ओळखण्याचा सराव होतो. नोकरीच्या ठिकाणी मात्र पर्याय समोर नसतात. म्हणून काही कार्डे उलटी करावीत : आधी मराठी, मग जपानी मोठ्याने म्हणावे. जपानीतही मराठीप्रमाणे क्रियापद शेवटी येते, हा आपला फायदा. दिवसाअखेरी पाच नव्या शब्दांची पाच वाक्ये बोलून पाहावीत. अडखळला तो शब्द अजून आपला झालेला नाही, मग ॲप काहीही सांगो.