हृदयाची झडप आणि वेळेवर मिळालेली सूचना

काही व्याधी गाजावाजा करीत येतात, तर काही पाऊल न वाजविता घरात शिरतात. हृदयाच्या झडपेचा संकोच हा दुसऱ्या प्रकारचा विकार होय. घरातील वडीलधारी मंडळी जिना चढताना मध्येच थांबू लागतात. सकाळचे फिरणे कमी होते. आपण म्हणतो, “वय झाले, आता असे व्हायचेच!” पुष्कळदा ते खरेही असते. परंतु कधी कधी दोष वयाचा नसून झडपेचा असतो, आणि झडपेच्या दोषावर उपाय आहे.

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त महारोहिणीत जाते. या वाटेवर तीन पाकळ्यांची एक झडप असते. निरोगी झडप पूर्ण उघडली म्हणजे रक्ताला सुमारे ३ ते ४ चौरस सेंटिमीटर वाट मिळते. उतारवयात पाकळ्यांवर कॅल्शियमचे थर साचून त्या ताठर होतात व वाट अरुंद होत जाते. ती १ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उरली, तर संकोच तीव्र मानण्यात येतो. धाप लागणे, छातीत दुखणे आणि श्रमाने घेरी येणे ही त्याची मुख्य लक्षणे. ती दिसू लागल्यावर झडप बदलली नाही, तर बरेचसे रुग्ण थोड्याच वर्षांत दगावतात. औषधांनी ही वाट मोकळी होत नाही. अमेरिकेतील बॉस्टन शहरी डॉ. ड्वाइट हार्कन यांनी १९६० साली या जागी कृत्रिम झडप बसविली. पुढे २००२ साली फ्रान्समधील रुआं येथे डॉ. अलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीच्या मार्गाने झडप बसवून दाखविली. त्यामुळे वृद्ध व अशक्त रुग्णांनाही आशेचे दार उघडले.

मग अडते कोठे? रोग ओळखता येतो, उपाय ठाऊक आहे; तरीही अनेक रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचतच नाहीत. ध्वनिलहरींच्या साहाय्याने केलेल्या ‘इको’ तपासणीत झडपेचे माप स्पष्ट लिहिलेले असते. परंतु ती तपासणी सांगणारा डॉक्टर प्रत्येक वेळी हृदयरोगतज्ज्ञ असतोच असे नाही. अहवालातील अनेक आकड्यांमध्ये एक आकडा हरवून जातो. कधी रुग्ण दुसऱ्याच आजारासाठी दाखल झालेला असतो, तर कधी “या वयात शस्त्रक्रिया कसली?” असा समज आड येतो.

या अडचणीवर बॉस्टन येथेच एक साधा उपाय पारखून पाहण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. इको तपासणीत झडपेची वाट १ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी आढळलेले ९३९ रुग्ण व त्यांचे २८५ डॉक्टर या प्रयोगात होते. डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. एका गटातील डॉक्टरांना इलेक्ट्रॉनिक सूचना जाई: आपल्या रुग्णाच्या झडपेचा संकोच तीव्र असण्याचा संभव आहे आणि अशा वेळी वैद्यकीय मार्गदर्शक नियम अमुक सांगतात. दुसऱ्या गटाचे काम नेहमीप्रमाणे चालू राहिले. एका वर्षाच्या आत पहिल्या गटातील ४८.२ टक्के रुग्णांची झडप बदलण्यात आली. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३७.२ टक्के होते. ज्यांना लक्षणे होती, त्यांच्यात हा फरक अधिकच ठळक दिसला: ६०.७ टक्के आणि ४६.५ टक्के. यासाठी नवे औषध शोधावे लागले नाही की नवे यंत्र आणावे लागले नाही. अहवालात लिहिलेलीच गोष्ट योग्य माणसाच्या नजरेस आणून दिली, एवढेच.

अर्थात सूचना म्हणजे निर्णय नव्हे. सूचना मिळूनही निम्म्याहून अधिक रुग्णांची झडप त्या वर्षात बदलली गेली नाही. कोणाला लक्षणे नसतात, कोणाची प्रकृती उपचार सोसण्याजोगी नसते, तर कोणी स्वतःच नकार देतो. शिवाय संगणकावर सूचनांचा भडिमार झाला, तर डॉक्टर त्या न वाचताच पुसून टाकू लागतात. म्हणून सूचना मोजक्या, नेमक्या आणि पुढे काय करावे हे सांगणाऱ्या असाव्या लागतात.

वाचकहो, दूरदेशीच्या या प्रयोगातून आपल्या घरासाठीही एक बोध घेण्यासारखा आहे. आपल्याकडे तपासणीचा अहवाल बहुधा रुग्णाच्याच हाती दिला जातो, आणि तो कपाटातील पिशवीत जाऊन पडतो. त्याची आठवण डॉक्टरांना करून देणे घरातील माणसांना सहज जमण्यासारखे आहे. आपल्या देशात हा प्रश्न केवळ वृद्धांचा नाही. बालपणी घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिवाताच्या तापाने कोवळ्या वयातही झडपा बिघडतात.

तेव्हा इकोचे सर्व अहवाल तारखेप्रमाणे एकत्र ठेवावेत. डॉक्टरांना नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात: झडपेत दोष आहे काय? तो सौम्य, मध्यम की तीव्र? तज्ज्ञाला दाखविणे आवश्यक आहे काय? पुन्हा इको केव्हा करावयाचा, तेही लिहून घ्यावे. महारोहिणीच्या झडपेचा संकोच सौम्य असेल, तर सामान्यतः ३ ते ५ वर्षांनी, मध्यम असेल तर १ ते २ वर्षांनी आणि तीव्र असून लक्षणे नसतील, तर ६ ते १२ महिन्यांनी ही तपासणी करतात. मध्यंतरी धाप, छातीत दुखणे किंवा घेरी यांपैकी काहीही जाणवले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. आजोबांनी जिन्यात थांबणे हे वयाचे लक्षण की झडपेचे, याचा निवाडा घरी न करता तो डॉक्टरांवर सोपवावा. आपण मात्र त्यांच्यापुढे अहवाल ठेवण्यास चुकू नये.