एकसष्टाव्या वर्षी आईने दूध सोडलं

आमच्या घरात रोज सकाळी चहाची दोन पातेली चढतात. एकात बाबांचा आलं-वेलची घातलेला दुधाचा चहा, दुसऱ्यात आईचा गवती चहा घातलेला कोरा. गवती चहाची कुंडी बाल्कनीत आहे आणि दिल्लीच्या थंडीत ती कशीबशी तग धरते. पूर्वी एकच पातेलं असायचं, आणि त्यात दूध जरा जास्त हवं हा हट्ट आईचाच असायचा.

मग मे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शहरातल्या नऊ डेअरी वसाहतींबद्दल आदेश दिले. तिथे गाईम्हशींना ऑक्सिटोसिनची इंजेक्शनं सर्रास टोचली जातात, याची दखल घेऊन दर आठवड्याला तपासणी करा आणि गुन्हे नोंदवा, असं न्यायालयाने सांगितलं. त्या नऊ नावांत काकरोला होतं. काकरोला आमच्या द्वारकेला अगदी लागून आहे. आईने ती बातमी दोनदा वाचली. तिचं लहानपण आजोळच्या गोठ्यात गेलेलं. वासरू लुचल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही, हे तिला पाढ्यांच्या आधीपासून माहीत. सुई टोचून पान्हा आणतात, हे काही तिच्या गळी उतरेना.

महिनाभर ती काहीच बोलली नाही. आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी म्हणाली, "मी दूध सोडतेय. दही, ताक, लोणी, तूप, सगळंच."

"चातुर्मासापुरतं ना?" बाबांनी विचारलं.

"नाही. कायमचं."

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मावशीचा फोन. "अगं, कृष्णाच्या नावाच्या गावात राहून दूध कसलं सोडतेस? या वयात हाडं मोडायचीत का? निदान ताक तरी घे!"

ताट फार बदललं नाही, चमचा बदलला

व्हीगन म्हटलं की आपल्याला महागडं टोफू आणि परदेशी बदामाच्या दुधाचे खोके आठवतात. हा शब्दच तसा इंग्रजांचा. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रांनी व्हीगन सोसायटी काढली तेव्हा तो रूढ झाला. पण आईने पहिल्या आठवड्यात कागदावर यादी केली आणि तीच चकित झाली. पिठलं-भाकरी, भरली वांगी, मटकीची उसळ, अळूचं फदफदं, कांदेपोहे, थालीपीठ, बाकरवडी. यात दूध कुठेच नाही. एकादशीचे वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटीसुद्धा बिनदुधाची. कोकणात तर शिरवळ्या नारळाच्या दुधात बुडवून खातात, पुरणपोळीवरही तेच घेतात. सोलकढीने ताकाची जागा केव्हाच घेतलेली आहे.

अडचण वरच्या चमच्याची होती. वरणभातावरचं तूप, कोशिंबिरीतलं दही, शेवटचा दहीभात. साठ वर्षं जेवण दहीभाताने संपवलेल्या बाईला त्याशिवाय जेवण झाल्यासारखंच वाटत नाही. पहिले पंधरा दिवस आई पानावरून उठताना जरा घुटमळायची. मग तिने शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून दूध काढलं, उकळून कोमट केलं आणि विरजणाऐवजी त्यात हिरव्या मिरचीची देठं टाकली. दही लागलं. थोडं पातळ, थोडं दाण्याच्या वासाचं, पण कढीपत्त्याची फोडणी दिली की दहीभात जमतो. काकडीच्या कोशिंबिरीत आता नुसता दाण्याचा कूट आणि लिंबू. वरणावर कच्च्या तेलाची धार तिला आवडली नाही. तिथे ओलं खोबरं आलं, आणि त्यासाठी महिन्यातून एकदा मेट्रोने आयएनए मार्केटची फेरी. नारळ आणि आमसुलं तिथे चांगली मिळतात.

सोयाच्या दुधाचा चहा मात्र फसला. आल्याच्या उकळत्या चहात ते ओतलं की फाटतं. गॅस बंद करून शेवटी घातलं तर टिकतं, पण आईच्या मते तो चहा नव्हे, औषध. म्हणून कोरा.

घराबाहेर जास्त कठीण. दिल्लीत शाकाहारी म्हणजे पनीर, हे समीकरण लग्नाच्या मांडवापासून ऑफिसच्या डब्यापर्यंत पक्कं आहे. पाकिटांचीही एक गंमत कळली. हिरवा ठिपका शाकाहाराचा असतो. बिस्किटात दुधाची पावडर असली तरी तो असतोच. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयने २०२२ मध्ये वेगळे नियम केले आणि हिरव्या रंगातलं, पालवी फुटलेलं इंग्रजी व्ही हे चिन्ह ठरवलं. सोया किंवा ओट्सच्या खोक्यावर 'दूध' असं लिहायला परवानगी नाही, तिथे 'बेव्हरेज' किंवा 'ड्रिंक' शोधा. विकत घेणार असाल तर कॅल्शियम आणि बी-१२ घातलेलं घ्या आणि खोका नीट हलवून ओता. कॅल्शियम तळाशी बसतं.

पायाला मुंग्या

नोव्हेंबरात आईच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. जिना उतरताना तोल जाईल असं वाटायचं. रक्त तपासलं तर बी-१२ फारच कमी.

घरात जे व्हायचं ते झालं. मावशी म्हणाली, "मी सांगत नव्हते?" बाबा काही बोलले नाहीत, पण रात्री त्यांनी कपभर गरम दूध आईच्या उशाशी नेऊन ठेवलं. खरं सांगते, मीही त्यांच्याच बाजूने होते. आईने दुधाकडे पाहिलं आणि कूस बदलली.

डॉक्टरांनी मात्र वेगळंच सांगितलं. बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो काही वर्षं पुरतो. चार महिने दूध सोडल्याने तो इतका आटत नाही. म्हणजे दूध पीत होती तेव्हापासूनच आईकडे कमतरता होती. त्यात मधुमेहासाठी ती दहा वर्षं मेटफॉर्मिन घेतेय. ते औषध बी-१२ चं शोषण कमी करतं. वय वाढलं की पोटातलं आम्लही कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. पित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचंही तेच.

हे फक्त आमच्या घरचं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती. २००६ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. हे काही व्हीगन लोक नव्हते. दूध-दही खाणारी घरं होती ती. मावशीला मी हे वाचून दाखवलं. तिने पुढच्याच आठवड्यात स्वतःची तपासणी करून घेतली. निकाल काय आला ते अजून सांगितलेलं नाही.

आईला आधी इंजेक्शनं दिली, आता गोळी चालू आहे. मुंग्या जायला तीन महिने लागले. गरज दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, पण ती डाळ-भाजीतून भागत नाही. त्यामुळे व्हीगन माणसाला ही गोळी कायमचीच, आणि साठीनंतर तर दूध सोडण्याच्या आधीच बी-१२, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. आम्ही ते उलट क्रमाने केलं. औषधाच्या दुकानात आई आता कॅप्सूल नको, गोळी द्या म्हणते, कारण बऱ्याच कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून आलेलं असतं. दुकानदार जरा वैतागतो.

हाडांचं म्हणाल तर नाचणी आणि तीळ आहेत. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, न सोललेल्या तिळात हजारहून जास्त. गाईच्या दुधात सुमारे १२०. अर्थात तीळ कोणी वाटीभर खात नाही. रोज दोन चमचे तिळाची चटणी आणि एका वेळेला नाचणीची भाकरी, असं आईचं चालू आहे. प्रथिनांसाठी दोन्ही जेवणांत डाळ किंवा उसळ हवीच. उतारवयात स्नायू झिजतात, तिथे नुसत्या फळं-सॅलडवर राहणं परवडत नाही.

गांधीजी आणि शेळी

आईला सगळ्यात धीर दिला तो गांधीजींच्या फजितीने. आत्मकथेत त्यांनी ती मोकळेपणाने सांगितली आहे. जास्त दूध काढण्यासाठी गाईम्हशींवर होणाऱ्या फुंक्याच्या क्रूर प्रकाराबद्दल कळल्यावर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडलं. पुढे खेड्याच्या मोहिमेनंतर ते इतके आजारी पडले की अंथरुणाला खिळले. मुंबईत डॉ. दलाल यांनी दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही असं सांगितलं. नवस गाईम्हशीच्या दुधाचा होता ना, मग शेळीचं घ्या, ही पळवाट कस्तुरबांनी सुचवली. ते तयार झाले, पण ही बोच त्यांना कायम राहिली. तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. त्यांच्या आजाराचं कारण वेगळं होतं, पण दुधाऐवजी गोळी हा पर्याय त्या काळी नव्हताच. बी-१२ वेगळं काढण्यात शास्त्रज्ञांना यश आलं ते १९४८ मध्ये, गांधीजी गेले त्याच वर्षी. फुंका मात्र कायद्यात अजून आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं १२ वं कलम फुंका आणि दुधासाठी टोचलेली इंजेक्शनं दोन्हींना गुन्हा ठरवतं.

"त्यांना शेळी लागली, मला गोळी," आई म्हणते.

देवाचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. सत्यनारायणाचा शिरा तुपातला. नाही म्हणावं तर प्रसादाचा अपमान, खावा तर मनाला टोचतो. आई द्रोण घेते, कपाळाला लावते आणि बाबांच्या हातात देते. बाबांचं वजन वाढलंय ते यामुळेच, असं त्यांचं म्हणणं आहे. ते स्वतः दूध सोडणार नाहीत, आणि आईने त्यांना एकदाही सांगितलेलं नाही. रोज सकाळी बूथवर जाऊन दूध आणणं हा त्यांचा फिरण्याचा कार्यक्रम आहे. पूर्वी दोन लिटर आणायचे, आता एक.

पहिल्या वर्षी सोसायटीच्या गच्चीवरच्या कोजागिरीला आई रिकामा पेला घेऊन बसली होती. काय द्यावं ते कोणालाच कळेना आणि सगळेच अवघडले. या वर्षी ती नारळाच्या दुधात बदाम, केशर आणि जायफळ घालून छोटी किटली घेऊनच वर गेली. बाबांनी आधी मोठ्या पातेल्यातलं मसाला दूध प्यायलं, मग हळूच आईच्या किटलीतलं अर्धा पेला ओतून घेतलं.

"कसं आहे?" मी विचारलं.

"साखर कमी आहे," म्हणाले, आणि पेला पुन्हा पुढे केला.